मेजर सेव्हन्थ कॉर्ड

मेजर सेव्हन्थ कॉर्ड ही पाश्चात्त्य संगीतातील चार स्वरांची कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवला जाणारा स्वरसमूह आहे. भारतीय स्वरनामांत ती षड्ज, शुद्ध गांधार, पंचम आणि शुद्ध निषाद (सा-ग-प-नि) या स्वरांनी बनते. पियानो, गिटार, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड तसेच संवादिनी (पेटी) या वाद्यांवर ती वाजवता येते. जॅझ, बोसा नोव्हा, चित्रपटसंगीत व सुगम संगीत यांत तिचा वापर विपुल आहे.

शुद्ध निषाद हा स्वभावतः तार षड्जाकडे ओढ घेणारा स्वर मानला जातो. मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये मात्र तो षड्जाला न मिळता षड्जासोबतच थांबतो. या थांबण्यातून कॉर्डला तिचा विशिष्ट, किंचित हळवा रंग येतो. सरगम शिकलेल्या विद्यार्थ्याला तिचे चारही स्वर आधीपासून परिचित असतात. निषादाला षड्जावर न नेता स्थिर ऐकण्याची सवय मात्र त्याला नव्याने लावून घ्यावी लागते.

नाव आणि चिन्ह

'सेव्हन्थ' या शब्दाचा अर्थ सातवा. सा हा पहिला स्वर धरून मोजल्यास नि हा सातवा येतो. 'मेजर' हा शब्द येथे दोन गोष्टी सांगतो : कॉर्डमधील गांधार शुद्ध आहे आणि निषादही शुद्ध आहे. स्वरलिपीत ही कॉर्ड मूळ स्वराच्या इंग्रजी अक्षरापुढे 'मेजर' शब्दाचे लघुरूप व सातचा आकडा लिहून दाखवतात. जॅझच्या स्वरलिपीत लघुरूपाऐवजी लहान त्रिकोण काढण्याचीही पद्धत आहे.

मूळ स्वराच्या अक्षरापुढे केवळ सातचा आकडा असेल, तर ती मेजर सेव्हन्थ नसते. ती डॉमिनंट सेव्हन्थ असते व तिच्यातील निषाद कोमल असतो. गाण्याच्या वहीत कॉर्ड उतरवून घेताना 'मेजर' हे लघुरूप गळल्यास एका स्वराचा फरक पडतो आणि कॉर्डचा परिणाम पूर्णपणे बदलतो. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

रचना

पियानोच्या एका सप्तकात बारा अर्धस्वर असतात. मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये सा ते ग हे अंतर चार अर्धस्वरांचे, ग ते प तीन अर्धस्वरांचे आणि प ते नि चार अर्धस्वरांचे असते. चार-तीन-चार हा क्रम कोणत्याही पट्टीपासून मोजला, तरी मेजर सेव्हन्थ कॉर्डच मिळते. सा ते नि हे एकूण अंतर अकरा अर्धस्वरांचे आहे, म्हणजे पूर्ण सप्तकाला एक अर्धस्वर कमी.

या कॉर्डमध्ये तीन-तीन स्वरांच्या दोन कॉर्ड एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सा-ग-प ही मेजर कॉर्ड आहे, तर ग-प-नि ही गांधाराला षड्ज मानल्यास मायनर कॉर्ड ठरते. मेजर कॉर्ड प्रसन्न व मायनर कॉर्ड उदास भासते, असे सामान्यतः मानले जाते. मेजर सेव्हन्थमध्ये दोन्हींचे स्वर एकत्र असल्यामुळे तिचा भाव संमिश्र वाटतो. पियानोवर डाव्या हाताने केवळ सा धरून उजव्या हाताने ग-प-नि वाजवल्यास ही गुंफण स्पष्ट ऐकू येते.

बिलावल थाटातील सात शुद्ध स्वरांवर एकेक स्वर सोडून चार स्वरांच्या कॉर्ड बांधल्यास मेजर सेव्हन्थ फक्त दोन ठिकाणी सापडते : षड्जावर (सा-ग-प-नि) आणि मध्यमावर (म-ध-सां-गं). येथे व पुढे अक्षरावरील अनुस्वार तार सप्तक दर्शवतो. पंचमावर प-नि-रें-मं ही डॉमिनंट सेव्हन्थ तयार होते. ऋषभ, गांधार व धैवत यांवर मायनर सेव्हन्थ येते. निषादावरील नि-रें-मं-धं ही कॉर्ड हाफ-डिमिनिश्ड नावाने ओळखली जाते.

बारा पट्ट्यांवरील रूपे

महाराष्ट्रात गायक व साथीदार सुराची पट्टी 'पांढरी एक', 'काळी चार' अशा नावांनी सांगतात. पाश्चात्त्य 'सी' हा स्वर म्हणजे पांढरी एक. तेथून पुढच्या पांढऱ्या पट्ट्या सातपर्यंत आणि काळ्या पट्ट्या पाचपर्यंत मोजल्या जातात. या पद्धतीने बारा मेजर सेव्हन्थ कॉर्ड पुढीलप्रमाणे येतात. प्रत्येक ओळीत सा, ग, प, नि हा चढता क्रम असून पट्टीचा क्रमांक आधीच्या क्रमांकापेक्षा मागे गेल्यास ती वरच्या सप्तकातील समजावी.

- सी : पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात
- डी फ्लॅट : काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी एक
- डी : पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा, काळी एक
- ई फ्लॅट : काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच, पांढरी दोन
- ई : पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात, काळी दोन
- एफ : पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन
- जी फ्लॅट : काळी तीन, काळी पाच, काळी एक, पांढरी चार
- जी : पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी दोन, काळी तीन
- ए फ्लॅट : काळी चार, पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच
- ए : पांढरी सहा, काळी एक, पांढरी तीन, काळी चार
- बी फ्लॅट : काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा
- बी : पांढरी सात, काळी दोन, काळी तीन, काळी पाच

पट्ट्यांच्या रंगांवरून या बारा कॉर्डांचे गट पडतात, त्यामुळे त्या लक्षात ठेवणे सोपे जाते. सी व एफ यांत चारही पट्ट्या पांढऱ्या असतात. डी, ई व ए यांत पांढरी-काळी-पांढरी-काळी असा क्रम येतो. डी फ्लॅट, ई फ्लॅट व ए फ्लॅट यांत तो नेमका उलटा, काळी-पांढरी-काळी-पांढरी असा असतो. उरलेल्या चार कॉर्ड दोन जोड्यांत बसतात. जी फ्लॅटमध्ये फक्त निषाद पांढरा, तर जीमध्ये फक्त निषाद काळा आहे. बी फ्लॅटमध्ये फक्त षड्ज काळा, तर बीमध्ये फक्त षड्ज पांढरा आहे.

उलटी रूपे

कॉर्डमधील सर्वांत खालचा स्वर बदलला, की तिचे उलटे रूप मिळते. चार स्वरांच्या कॉर्डला मूळ रूप धरून चार रूपे असतात.

- मूळ रूप : सा-ग-प-नि
- पहिले उलटे रूप : ग-प-नि-सां
- दुसरे उलटे रूप : प-नि-सां-गं
- तिसरे उलटे रूप : नि-सां-गं-पं

मूळ रूपात सा आणि नि एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे ते शांत वाटते. इतर तिन्ही रूपांत नि आणि सा शेजारी येतात व त्यांच्यातील अर्धस्वराचे घर्षण ऐकू येते. पहिल्या रूपात हे घर्षण वर, दुसऱ्यात मध्यभागी आणि तिसऱ्यात तळाशी असते. तळाशी ते पियानोच्या खालच्या सप्तकात गढूळ वाटते, म्हणून तिसरे रूप सहसा मध्य सप्तकात वाजवले जाते.

योहान सेबास्टियन बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविए' या १७२२ च्या संग्रहातील पहिल्या, सी मेजर प्रेल्यूडच्या आठव्या मात्राखंडात हे तिसरे उलटे रूप येते. तेथे तळाचा निषाद पुढच्याच खंडात धैवतावर उतरतो. त्या काळच्या पाश्चात्त्य संगीतशास्त्रात सातवा स्वर हा विसंवादी मानला जाई आणि तो एक पायरी खाली उतरून शांत व्हावा, असा संकेत होता. हिंदुस्थानी संगीतात शुद्ध निषादाची ओढ वरच्या षड्जाकडे असते. हे दोन्ही संकेत बाजूला ठेवून निषादाला आहे तेथेच विसावू देणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळलेली रीत आहे.

इतर सेव्हन्थ कॉर्डांशी तुलना

चार स्वरांच्या सेव्हन्थ कॉर्डांमधील भेद गांधार व निषाद यांच्या शुद्ध-कोमल रूपांवरून समजून घेता येतो.

- मेजर सेव्हन्थ : सा, शुद्ध ग, प, शुद्ध नि. स्थिर, पण किंचित हळवी.
- डॉमिनंट सेव्हन्थ : सा, शुद्ध ग, प, कोमल नि. अस्थिर, पुढच्या कॉर्डची अपेक्षा निर्माण करणारी.
- मायनर सेव्हन्थ : सा, कोमल ग, प, कोमल नि. मृदू व गंभीर.
- मायनर-मेजर सेव्हन्थ : सा, कोमल ग, प, शुद्ध नि. ताणलेली, गूढ.

पहिल्या दोन कॉर्डांमधील फरक ओळखण्यासाठी तिलंग रागाचे चलन उपयोगी पडते. तिलंगात सा, ग, म, प, नि हे पाच स्वर असून आरोहात शुद्ध व अवरोहात कोमल निषाद येतो. सा-ग-प धरून ठेवून वर आधी शुद्ध आणि मग कोमल निषाद वाजवल्यास एकाच जागी दोन्ही कॉर्ड ऐकू येतात.

तंबोरा आणि मेजर सेव्हन्थ

सा-ग-प-नि हा स्वरसमूह पाश्चात्त्य नावाने ओळखला जात असला, तरी हे चारही स्वर पंचमात मिळवलेल्या तंबोऱ्यात मुळातच असतात. कोणतीही तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. षड्जाच्या तारेचा तिसरा उपस्वर पंचमाचा आणि पाचवा उपस्वर शुद्ध गांधाराचा असतो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या या गांधाराला 'स्वयंभू गांधार' असे म्हणतात. याच नियमाने पंचमाच्या तारेचा पाचवा उपस्वर शुद्ध निषाद असतो. तंबोऱ्याच्या जवारीमुळे हे उपस्वर अधिक ठळक होतात.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा व सतार यांच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे. तेथील ही परंपरा एकोणिसाव्या शतकात शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांच्यापासून सुरू झाली, असे मानले जाते. मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंचमात लावलेल्या उत्तम तंबोऱ्यासमोर बसलेल्या गायकाच्या कानावर सा-ग-प-नि हे स्वर सतत, अस्फुट रूपाने पडत असतात. पियानोवरील मेजर सेव्हन्थ हेच स्वर उघडपणे वाजवते. मात्र पियानोवरील ग आणि नि हे तंबोऱ्यातील ग आणि नि यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

स्वरमेळ व श्रुतिविचार

तंबोऱ्याच्या उपस्वरांतून मिळणारे सा, ग, प, नि यांचे प्रमाण ८ : १० : १२ : १५ असे पूर्णांकांत मांडता येते. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. या रचनेला समविभागी स्वरमेळ म्हणतात. सप्तकाचे १२०० सेंट धरल्यास प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा होतो. दोन्ही पद्धतींतील स्वरस्थाने अशी :

- गांधार : नैसर्गिक सुमारे ३८६ सेंट, पियानोवर ४०० सेंट
- पंचम : नैसर्गिक सुमारे ७०२ सेंट, पियानोवर ७०० सेंट
- निषाद : नैसर्गिक सुमारे १०८८ सेंट, पियानोवर ११०० सेंट

पियानोचा मध्य सी (सुमारे २६१.६ हर्ट्‌झ) हा षड्ज मानल्यास पियानोवरील गांधार ३२९.६ हर्ट्‌झला आणि निषाद ४९३.९ हर्ट्‌झला येतो. त्याच षड्जावर नैसर्गिक प्रमाणातील गांधार सुमारे ३२७.० हर्ट्‌झचा व निषाद ४९०.५ हर्ट्‌झचा असतो. म्हणजे पियानोचे ग व नि हे दोन्ही स्वर किंचित चढे असतात, तर पंचम जवळपास तंतोतंत जुळतो. ग आणि नि हे दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात चढे असल्यामुळे त्यांचे आपसातील नाते फारसे बिघडत नाही.

पट्टीच्या वाद्यांमधील या उणिवेचा अभ्यास सांगलीतच विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या स्थानांविषयी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. मिरजेशी निगडित असलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायनाचा आधार त्यांच्या प्रयोगांना होता. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स हे देवलांचे सहकारी होते. त्यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासावरील ग्रंथ १९१३ मध्ये आला. बावीस श्रुती देणारी 'श्रुती हार्मोनियम' तयार करण्याचा प्रयत्नही या प्रयोगांतून झाला. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके ऑल इंडिया रेडिओवर संवादिनीला बंदी होती. समविभागी स्वरमेळ रागसंगीताला बाधक ठरतो, हा त्या बंदीमागील एक प्रमुख आक्षेप होता.

कॉर्डच्या दृष्टीने मात्र समविभागी स्वरमेळाचा एक फायदा आहे. नैसर्गिक प्रमाणात एका षड्जासाठी मिळवलेल्या वाद्यावर दुसऱ्या पट्टीवरील मेजर सेव्हन्थ बेसूर होऊ शकते. समविभागी पियानोवर बाराही पट्ट्यांवरील मेजर सेव्हन्थ सारख्याच सुरात वाजतात. थोडासा चढा गांधार व निषाद स्वीकारून वाद्याने षड्ज बदलण्याची मोकळीक मिळवलेली असते.

रागसंगीताशी संबंध

राग हा स्वरांच्या क्रमाने व चलनाने उलगडतो. त्यात एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्याला स्थान नाही, म्हणून मेजर सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे अमुक राग, असे समीकरण मांडता येत नाही. तथापि ज्या रागांत सा, शुद्ध ग, प व शुद्ध नि हे चारही स्वर आहेत, त्यांच्या आधाराने कॉर्डचा रंग समजून घेणे सोपे जाते.

हंसध्वनी रागात सा, रे, ग, प, नि हे पाच स्वर आहेत. कॉर्डच्या चार स्वरांत केवळ ऋषभाची भर पडते. रामस्वामी दीक्षितर यांनी निर्माण केलेला हा कर्नाटक संगीतातील राग मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी हिंदुस्थानी संगीतात रुजवला. शंकरा रागातही ग, प व नि यांना महत्त्व आहे. बिहाग रागाच्या आरोहात ऋषभ व धैवत वर्ज्य असून गांधार वादी आणि निषाद संवादी मानला जातो. बिहागातील निषादावरचा मुक्काम ऐकलेल्या श्रोत्याला मेजर सेव्हन्थमधील थांबलेला निषाद परका वाटत नाही.

काफी, भैरवी, आसावरी या थाटांतील रचनांमध्ये गांधार व निषाद कोमल असतात. अशा रचनांना साथ करताना षड्जावर मेजर सेव्हन्थ वाजवल्यास ते दोन्ही स्वर गाण्याशी भांडतात.

सराव

पियानोच्या सरावात बोटांना क्रमांक दिले जातात : अंगठा एक, तर्जनी दोन, मध्यमा तीन, अनामिका चार व करंगळी पाच. सी मेजर सेव्हन्थचे मूळ रूप उजव्या हाताने सामान्यतः १-२-३-५ आणि डाव्या हाताने ५-३-२-१ या बोटांनी वाजवतात. सा ते नि हा पल्ला सात पांढऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचा असतो. लहान हाताला तो जड जातो. अशा वेळी डाव्या हाताने सा व ग आणि उजव्या हाताने प व नि वाजवावेत, किंवा उजव्या हाताने प-नि-सां-गं हे आटोपशीर उलटे रूप घ्यावे. मनगट ताठ ठेवून किंवा बोटे ओढून पल्ला गाठण्याचा प्रयत्न करू नये. हात दुखू लागल्यास थांबावे.

सरावाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो.

पहिली पायरी गायनाची. षड्ज धरून सा-ग-प-नि हे स्वर आकारात व सरगमात गावेत. निषादावर आल्यावर तार षड्ज न घेता श्वास पुरेल तोवर थांबावे. त्यानंतर पियानोवर कॉर्ड वाजवून आपला निषाद तिच्याशी ताडून पाहावा. गळ्यातील निषाद तंबोऱ्याच्या सवयीने पियानोपेक्षा किंचित उतरा लागू शकतो.

दुसरी पायरी अलंकाराची. कॉर्डचे स्वर एकत्र न वाजवता एकामागून एक घ्यावेत : सा-ग-प-नि, नि-प-ग-सा, नंतर सा-प-ग-नि, नि-ग-प-सा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी अलंकार केलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रकार सहज जमतो. लय संथ ठेवावी आणि चारही स्वरांचे वजन समान ठेवावे. करंगळीवर येणारा निषाद बहुधा दुबळा पडतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी पायरी एकत्र वादनाची. चारही पट्ट्या एकाच क्षणी दाबाव्यात आणि नाद विरेपर्यंत ऐकावा. मग एका वेळी एकच स्वर मोठा व इतर हलके वाजवावेत. निषाद मोठा केल्यास कॉर्ड ताणलेली वाटते, गांधार मोठा केल्यास ती उबदार होते.

चौथी पायरी तुलनेची. सा-ग-प-सां, सा-ग-प-नि, सा-ग-प-कोमल नि, सा-ग-प-ध या चार कॉर्ड क्रमाने वाजवाव्यात. वरचा एकच स्वर पायरीपायरीने खाली उतरतो आणि प्रत्येक वेळी संपूर्ण कॉर्डचा अर्थ बदलतो. दुसऱ्या व्यक्तीने यांपैकी कोणतीही एक वाजवावी व विद्यार्थ्याने न पाहता ओळखावी.

पाचवी पायरी जोडकामाची. कॉर्ड एकटी वाजवता येणे आणि ती गाण्यात योग्य वेळी सापडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी पुढील तीन कॉर्डांचा क्रम जगभर शिकवला जातो :

- रे-म-ध-सां
- रे-म-प-नि
- सा-ग-प-नि

पहिल्या कॉर्डकडून दुसरीकडे जाताना रे व म जागेवर राहतात. ध हा प वर आणि सां हा नि वर उतरतो. दुसरीकडून तिसरीकडे जाताना प व नि जागेवर राहतात. रे हा सा वर आणि म हा ग वर उतरतो. प्रत्येक वेळी फक्त दोन बोटे हलतात. दुसऱ्या कॉर्डमध्ये अस्थिर असलेला निषाद तिसऱ्या कॉर्डमध्ये त्याच पट्टीवर राहूनही स्थिर वाटतो. भोवतीचे स्वर बदलल्याने एकाच स्वराची भूमिका कशी बदलते, याचे हे सोपे उदाहरण आहे.

सहावी पायरी पट्टी बदलण्याची. सी व एफ या केवळ पांढऱ्या पट्ट्यांच्या कॉर्डांपासून आरंभ करून मग रंगांचे गट घ्यावेत. मराठी गायकाच्या साथीसाठी त्याच्या नेहमीच्या पट्टीवरील, उदाहरणार्थ काळी एक, पांढरी चार किंवा काळी चार यांवरील कॉर्ड आधी पक्क्या करणे अधिक उपयुक्त ठरते. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरील पट्टी बदलण्याच्या बटणाचा आधार घेतल्यास हात एकाच आकारात अडकून राहतो, म्हणून सरावाच्या वेळी ते बटण टाळावे.

साथीतील वापर

गाण्यात मेजर सेव्हन्थ कोठे वाजवावी हे चालीच्या स्वरावर अवलंबून असते. चाल ग, प, नि किंवा रे यांवर थांबलेली असताना ती खुलते. चाल तार षड्जावर थांबली असेल, तर कॉर्डमधला निषाद आणि गायकाचा षड्ज यांच्यात अर्धस्वराचा संघर्ष होतो. भजन, अभंग व भावगीत यांचे ध्रुवपद बहुधा षड्जावर विसावते. तेथे निषाद सोडून सा-ग-प किंवा सा-ग-प-ध ही कॉर्ड घेणे योग्य. गायकाला आपला षड्जच चुकला की काय, अशी शंका येऊ न देणे ही साथीदाराची पहिली जबाबदारी होय.

सांगली-सातारा भागात ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कराड यांसारख्या तालुक्याच्या गावी घरात पियानो असणे दुर्मीळ असते. शाळेतील किंवा भजनी मंडळातील पेटी आणि बॅटरीवर चालणारा कीबोर्ड हीच सहज उपलब्ध होणारी वाद्ये आहेत. मेजर सेव्हन्थ शिकण्यासाठी दोन्ही चालतात, मात्र त्यांचे स्वभाव निराळे आहेत. पियानोचा नाद वाजवल्यापासून विरत जातो, त्यामुळे नि व सा यांच्यातील घर्षणही हळूहळू मावळते. पेटीचा नाद भात्यातील हवा असेपर्यंत एकसारखा टिकतो, म्हणून तेच घर्षण अधिक टोचते. पेटीवर डावा हात भात्यावर असल्याने चारही स्वर उजव्या हातानेच घ्यावे लागतात. मूळ रूप थोड्या वेळासाठी, हवा हलकी ठेवून वाजवल्यास पेटीवरही ही कॉर्ड गोड लागते. कीबोर्डवर पट्टी दाबण्याच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त होत नसेल, तर तिसऱ्या पायरीतील एकेका स्वराला उठाव देण्याचा सराव त्यावर करता येत नाही.

संगीतातील वापर

एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या १८८८ मधील पहिल्या 'जिम्नोपेदी'चा आरंभ जी मेजर सेव्हन्थ आणि डी मेजर सेव्हन्थ यांच्या संथ आवर्तनाने होतो. निषादाला उतरण्याची वा चढण्याची घाई नसलेल्या वापराचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. रचना संथ असल्याने पियानोच्या विद्यार्थ्यांना ती लवकर हाती घेता येते.

विसाव्या शतकात जॅझ संगीतात ही कॉर्ड विश्रांतिस्थान म्हणून रूढ झाली. पियानोवादक एरॉल गार्नर यांच्या 'मिस्टी' (१९५४) या रचनेत आरंभीच ई फ्लॅट मेजर सेव्हन्थ येते. ब्राझीलच्या बोसा नोव्हा शैलीत, विशेषतः आंतोनिओ कार्लोस जोबिम यांच्या रचनांत, तिचा वापर सातत्याने आढळतो. जॉन लेनन यांच्या 'इमॅजिन' (१९७१) या गीतातील पियानोवर सी मेजर, सी मेजर सेव्हन्थ व एफ मेजर हा क्रम पुनःपुन्हा येतो. सा-ग-प वर निषादाची भर पडून मग मध्यमाच्या कॉर्डकडे जाणारी ही वाट नवशिक्याला सहज वाजवता येते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य स्वरसंवादाची रचना रुजवण्यात गोमंतकीय वादक व संयोजकांचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज काळातील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून स्वरलिपीवाचन व व्हायोलिन शिकवले जाई. तेथे शिकलेले अनेक वादक पुढे मुंबईत आले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संयोजन केले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणाऱ्या रचना केल्या. रागाधारित चालीखाली कॉर्ड कोठे घ्यावी आणि कोठे वाद्यवृंदाने केवळ षड्ज-पंचम धरून थांबावे, हा प्रश्न या संयोजकांपुढे रोज येत असे. घरच्या पेटीवर चालीला कॉर्ड लावून पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही तोच प्रश्न असतो.

हेही पाहा

- संवादिनी
- तंबोरा
- श्रुती
- थाट
- हंसध्वनी (राग)
- मिरज